हिरवी बनात – लेखांक ९ : दर्जा कुठे घडतो?

पूलच्या खेळात अमेरिकेचा विली मॉस्कोनी म्हणजे दंतकथा. १९५४ साली ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात त्याने एकही चूक न करता सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले. त्या अमेरिकेतल्या एकाही खेळाडूला स्नूकरची एकही जागतिक रँकिंग स्पर्धा आजवर जिंकता आलेली नाही. स्नूकरही क्यू आणि बॉलचाच खेळ. मग असे का व्हावे?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८० च्या दशकात स्टीव्ह मिझेराक आणि जिम रेम्पी हे पूलमधले दोन नामांकित अमेरिकन इंग्लंडच्या व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरले होते. दोघांचा हात उत्तम होता. पण पूलचे टेबल सहसा ९ फुटी, स्नूकरचे १२ फुटी. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. शिवाय स्नूकरच्या पॉकेटची तोंडे अरुंद आणि आतून गोलावलेली असतात. पूलच्या टेबलावर कडेला घासूनही आत जाणारा बॉल इथे तोंडाशी थरथरतो आणि बाहेर पडतो. लहानपणापासून याच टेबलावर खेळलेल्यांसमोर तिशी ओलांडल्यावर येऊन उभे राहणे सोपे नव्हते. क्रुसिबल नाट्यगृहात होणाऱ्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचू शकला नाही.

आता सीमा ओलांडून कॅनडात जाऊ. तिथल्या क्लिफ थॉर्बर्नने १९८० मध्ये ॲलेक्स हिगिन्सला हरवून जागतिक विजेतेपद मिळवले, आणि १९८३ मध्ये क्रुसिबलच्या टेबलावर पहिला १४७ चा ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत सलग १४७ गुण, केला. बिल वेर्बेनिक, कर्क स्टीव्हन्स हेही त्याच पिढीतले कॅनडाचे खेळाडू. दोन्ही देशांच्या हवापाण्यात किंवा माणसांच्या नजरेत काही फरक नव्हता. ब्रिटिश परंपरेमुळे कॅनडाच्या क्लबांत बारा फुटी टेबले होती, अमेरिकेच्या हॉलमध्ये पूलची. मुले समोर असलेल्या टेबलावर खेळली. आज अमेरिकेची राष्ट्रीय स्नूकर स्पर्धा अनेकदा जिंकणारा अहमद अली एलसायद हा खेळाडूही मूळचा इजिप्तचा. टेबलाची ओळख तो मायदेशातूनच घेऊन गेलेला.

हे एवढे सांगण्याचे कारण आपल्या घरातले आहे. स्नूकर जन्मले जबलपूरला, १८७५ मध्ये. ती हकिकत या लेखमालेत येऊन गेली. महाराष्ट्रात टेबले होती, पण ती जिमखान्यांच्या भिंतीआड, आणि तिथे मान होता बिलियर्ड्सला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेते झालेले ते पहिले भारतीय! १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा तेच केले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी हा किताब १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा आणला. १९८१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा, क्रिकेटपटूला पद्मभूषण मिळते तर जगज्जेत्याला का नाही, असा रोखठोक सवाल करून त्यांनी ती नाकारली. दोन वर्षांनी त्यांना पद्मभूषण मिळाले. माझ्या मते ही लढाई त्यांनी स्वतःपेक्षा खेळासाठी जास्त लढली.

स्नूकरमध्ये मुंबईच्या यासिन मर्चंटने १९८९ आणि २००१ मध्ये आशियाई विजेतेपद मिळवले. पंकज अडवाणी जन्माने पुण्याचा, घडला मात्र बंगळूरमध्ये, अरविंद सावूर यांच्या हाताखाली. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून त्याच्या नावावर पंचवीसहून अधिक जागतिक किताब आहेत. इतके किताब असलेल्या देशाला स्नूकरमध्ये कमी कोण म्हणेल?

इथेच दर्जाचा खरा प्रश्न सुरू होतो. पंकजचे स्नूकरमधले किताब हौशी स्पर्धांचे आहेत. व्यावसायिक टूर ही वेगळी शिडी. तिथे सव्वाशेच्या आसपास खेळाडू, बहुतेकांना टूरवर खेळण्याचे कार्ड दोन वर्षांचे, आणि पहिल्या ६४ त जागा राहिली नाही तर पुन्हा पात्रता फेरी. हौशी सामन्यात पन्नासचा ब्रेक झाला की फ्रेम बहुतेक हातात आलेली असते. टूरवर एक सोपा लाल चुकवून तुम्ही खुर्चीत बसता आणि समोरचा सत्तर-ऐंशी करून फ्रेम संपवूनच उठतो. पंकज २०१२ मध्ये या टूरवर गेला, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१४ मध्ये मायदेशी परतला. त्याच्या हाताबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. ती शिडी चढायची तर इंग्लंडमध्ये बिऱ्हाड करावे लागते.

ते करून दाखवले मुंबईच्या आदित्य मेहताने. २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला. रँकिंग स्पर्धेत इतका पुढे गेलेला तो पहिला भारतीय. तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरवले, पण त्याच वर्षी कोलंबियातल्या कालीच्या जागतिक क्रीडा महोत्सवात आदित्यने सुवर्ण जिंकले, आणि २०१४ मध्ये व्यावसायिक स्पर्धेत १४७ चा ब्रेक करणारा पहिला भारतीय ठरला. २०१५ ची इंडियन ओपन मुंबईत झाली. तेव्हा टीव्हीवर पाहिलेली नावे इथल्या मुलांना डोळ्यांनी पाहता आली. २०२३ मध्ये मुंबईच्याच ईशप्रीतसिंग चढ्ढाने क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेतून टूरचे कार्ड मिळवले.

चीनने काय केले ते पाहा. त्यांचे तरुण शेफिल्डला जाऊन राहिले, रोज एकमेकांशी आणि इंग्लिश खेळाडूंशी खेळत राहिले. २०२५ मध्ये झाओ शिनटाँगने मार्क विल्यम्सला १८-१२ असे हरवून जागतिक विजेतेपद आशियात आणले. तुमच्यापेक्षा बरा खेळाडू रोज समोर असणे, याला स्नूकरमध्ये पर्याय नाही.

आता आपल्या नगरमधल्या सावेडीकडे वळू. इथल्या रस्त्यांवरून संध्याकाळी जाताना पूल आणि स्नूकरच्या क्लबांच्या पाट्या दिसतात. आत मुले असतात, हौस असते. पण बहुतेक क्लबांत एक रीत असते : फ्रेम हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. त्यामुळे कच्चा मुलगा पक्क्या खेळाडूशी खेळायला बिचकतो. बिचकला की शिकणे थांबते. दुसरे असे की ब्रेक बांधायची सवय एकट्याने सराव केल्याशिवाय लागत नाही. पंधरा लाल एका ओळीत लावायचे, लाल-काळा, लाल-काळा करत जायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. तासावर भाडे मोजणाऱ्या मुलाला हे परवडत नाही. मग तो मित्राला घेऊन फ्रेमवर फ्रेम खेळतो. त्यात मजा येते, ब्रेक मात्र वीस-पंचविसापुढे जात नाही. स्नूकर क्लब म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, ही घरोघरची समजूत तर आहेच. फरेरांच्या पद्मभूषणानंतर चाळीस वर्षे उलटली तरी ती गेलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून सावेडीतल्या, किंबहुना नगरमधल्या सगळ्याच क्लबचालकांना माझी विनंती आहे. सकाळी तुमची टेबले रिकामी असतात. त्यातले एक बारा फुटी टेबल, बनात नीट ताणून आणि इस्त्री करून, शाळा-कॉलेजच्या मुलांना एकट्याने सरावासाठी नाममात्र दरात द्या. भिंतीवर फळा लावा आणि त्यावर प्रत्येकाचा सर्वांत मोठा ब्रेक तारखेसह लिहा. महिन्यातून एकदा पुण्याहून एखादा चांगला खेळाडू बोलवा. अंतर फक्त १२० किलोमीटर आहे. आणि त्या दिवशी फ्रेमचे पैसे हरणाऱ्याकडून घेऊ नका.