तीनशेंना तीन कमी

भास्कराचार्य आपल्या बीडचे, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्या 'विज्जडविड' या गावाला काही पंडित बीड मानतात, काही चाळीसगावजवळचे पाटण. तो वाद पंडितांनी मिटवावा. आम्हांला एवढेच विचारावयाचे आहे, की नावाचा अभिमान धरणाऱ्यांपैकी त्यांचे एक तरी गणित किती जणांनी करून पाहिले? आज तेवढे करू.

पूर्णवर्ग म्हणजे काय? ज्वारीचा एक दाणा ठेवा. त्याला काटकोनात तीन दाणे लावा. चारांचा चौरस झाला. मग पाच लावा, नऊंचा झाला. सात लावा, सोळांचा. विषम संख्या ओळीने मिळवीत गेले, की दर वेळी चौरसच भरतो. १, ४, ९, १६ या पूर्णवर्ग संख्या होत.

सन ११५० मधील 'लीलावती'त आचार्य चार संख्यांचे वर्ग विचारतात : ९, १४, तीनशेंना तीन कमी म्हणजे २९७, आणि १०००५. युक्तीही तेथेच दिली आहे. २९७ मध्ये ३ मिळवा, ३००. ३ वजा करा, २९४. गुणाकार ८८२००. त्यात ३ चा वर्ग ९ मिळवा. उत्तर ८८२०९.

आता हे उत्तर मधून तोडा : ८८ आणि २०९. बेरीज पुन्हा २९७! अशा संख्यांना जगात 'कापरेकर संख्या' म्हणतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हा गुण हेरला. ९ चा वर्ग ८१; ८ आणि १ मिळून ९. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. १४ ला मात्र हा गुण नाही. आचार्यांना तो ठाऊक होता, असे म्हणण्यास आधार नाही. कापरेकरांजवळ विद्यापीठातील आसन नव्हते. होती ती वही, पेन्सिल आणि चिकाटी. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि ते नाव जगभर गेले.

आम्ही कामगारांत वावरणारे. शाळा आमच्या वाट्याला थोडीच आली. ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहिला म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याला सांगावयास नको. आकड्यांची भीती गरिबाला फार महाग पडते, आणि ती अशा खेळानेच मोडते.

तेव्हा आज घरी मुलांना घेऊन बसा. आचार्यांच्या युक्तीने ५५ चा वर्ग काढा, आणि उत्तर मधून तोडा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा.