रुंद चेहऱ्याचा गॉगल

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी उन्हात गॉगल वापरायला बजावले आणि माझा रुंद चेहरा दुकानदारांच्या तावडीत सापडला. ‘वापरून सैल होईल हो, काका,’ असे म्हणत ते फ्रेम चढवतात. ती सैल होत नाही. काड्या गरम करून वाकवता येतात, समोरची रुंदी मात्र वाढत नाही, आणि तासाभरात कानशिले ठणकू लागतात.

बँकेतली सवय म्हणा, मी आधी काडीच्या आतले बारीक आकडे वाचतो. ५८, १६, १४५ म्हणजे एका काचेची रुंदी, दोन काचांमधले अंतर आणि काडीची लांबी, सारे मिलिमीटरमध्ये. रुंद चेहऱ्याला पहिला आकडा ५८-६० असलेला बरा. तरी आरसा पाहावाच. काड्या बाहेर फाकू नयेत. हसताना गालांनी फ्रेम उचलली जाऊ नये. (दुकानात उगाच हसायला संकोच वाटतो, पण हसावे.)

काच नुसती काळी असून भागत नाही. अतिनील किरण न अडवणाऱ्या गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि ते किरण अधिकच आत शिरतात. ‘यूव्ही ४००’ लिहिलेले असावे. काही चष्मेवाल्यांकडे काच तपासायचे यंत्रही असते.