जुने आरपीजी भारी की नवे? सगळा गोंधळ त्या बाणाचा

ज्यांना बसमध्ये किंवा लेक्चरला इअरफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. मध्ये मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे गाळलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. एक पात्र घ्यायचं, त्याचे गुणदोष ठरवायचे आणि एका मोठ्या गोष्टीत आपल्या मर्जीने वागून बघायचं. या खेळांवरून एक भांडण कायम चालू असतं. एक गट म्हणतो, १९९७ ते २००२ या काळात जे आलं ते पुन्हा होणे नाही: फॉलआउट, बाल्डर्स गेट, प्लेनस्केप टॉरमेंट, मॉरोविंड. दुसरा गट म्हणतो, दादा, ते चष्म्याचा नंबर वाढवणारे खेळ आता कोण खेळणार?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. त्या काळात टुकार खेळही ढीगभर आले होते, ते आज कुणाला आठवत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांच्या चाळणीत जे वर राहिले त्यांना आपण 'क्लासिक' म्हणतो, आणि त्यांची तुलना करतो यंदा आलेल्या सगळ्या मालाशी. हा सामना सरळ नाहीच. म्हणून 'जुनं ते सोनं' मला मान्य नाही. पण एक गोष्ट खरंच हरवलीय, आणि ती कुठे हरवली ते बोट ठेवून दाखवता येतं.

मॉरोविंड घ्या. बेथेस्डाचा २००२ चा खेळ. तुम्ही कैदी असता. जहाजातून सेडा नीन नावाच्या एका दलदलीतल्या गावात उतरवतात आणि हातात एक पाकीट देतात. बालमोरा गावी जा, कायस कोसाडीस नावाच्या माणसाला हे दे. बस. ना डोक्यावर बाण, ना नकाशावर चमकणारा ठिपका. बालमोराला जायचं तर गावाबाहेर घरापेक्षा उंच असा एक किडा उभा असतो, त्याच्या पाठीवर पैसे देऊन बसायचं. नाहीतर पाट्या वाचत चालायचं. पोचल्यावर गुत्त्यात चौकशी करायची, की अमुक माणूस कुठे राहतो. आणि हा कायस निघतो कोण? एका खोलीत राहणारा, अंगात सदरा नसलेला म्हातारा. बघून वाटतं, याला नशेशिवाय दुसरं काम नसावं. खरं तर तो बादशहाच्या हेरांचा तिथला प्रमुख असतो.

पुढची कामंही अशीच. नदी ओलांड, पाटी लागेल, तिथून पूर्वेला वळ, डोंगराच्या पायथ्याशी दार दिसेल. आपल्याकडे पत्ता सांगतात तसंच आहे हे: 'मारुतीच्या देवळावरून पुढे या, पाण्याची टाकी दिसली की डावीकडे, मग कुणालाही विचारा.' सांगणारा कधी कधी अर्धवट सांगतो. तुम्ही भलत्याच गुहेत शिरता आणि तिथे भलतंच काहीतरी सापडतं. पण यामुळे तुम्ही पाट्या वाचता, डोंगराचे आकार लक्षात ठेवता, समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकता. वीस तास खेळल्यावर तो मुलूख तुम्हाला आपल्या पेठेइतका पाठ होतो.

मग २००६ मध्ये त्याच मालिकेतला ऑब्लिव्हियन आला. त्यात स्क्रीनच्या खाली होकायंत्र, त्यावर खूण, आणि नकाशावर टिचकी मारली की थेट तिथे हजर. २०११ च्या स्कायरिमनेही हीच वाट धरली. लोक लगेच म्हणतात, मग सेटिंगमध्ये जाऊन खूण बंद कर ना, कोणी अडवलंय? खरा मुद्दा इथेच आहे. खूण आली की लेखकाला पत्ता लिहायची गरजच उरत नाही. त्यामुळे तुम्ही ती बंद केलीत तर बऱ्याच ठिकाणी जायचं कुठे हे कळायला मार्गच नसतो, कारण ते कुणी बोललेलंच नाही. स्कायरिममध्ये तर काही कामं कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. तुम्ही अजून न पाहिलेली एखादी गुहा निवडतो आणि म्हणतो, जा तिकडे. आता जी गुहा आयत्या वेळी ठरणार, तिचा रस्ता माणूस आधी लिहून ठेवणार कसा?

स्कायरिमवाल्यांना हे जमत नव्हतं असं नाही हं. सुरुवातीचं सोन्याच्या पंजाचं काम आठवा. दुकानदाराची बहीण पुलापर्यंत सोबत येते आणि कुठे जायचं ते हाताने दाखवते. पुढे एक बंद दार लागतं आणि त्याचं उत्तर पंजाच्या तळव्यावरच कोरलेलं असतं. सामानातून तो पंजा काढून उलटा करून बघायचा, एवढंच. स्कायरिमचा विषय निघाला की लोक हेच दार अजून सांगतात. का, ते उघड आहे.

दुसरा बदल आवाजाचा. मॉरोविंडमध्ये बहुतेक संवाद फक्त लिहिलेले होते. ऑब्लिव्हियनमध्ये सगळे बोलायला लागले आणि शेकडो पात्रांना मोजकेच आवाज मिळाले. लिहिलेलं वाक्य बदलायचं तर लेखकाची एक संध्याकाळ जाते. रेकॉर्ड केलेलं वाक्य बदलायचं तर कलाकार, स्टुडिओ, तारीख सगळं परत आलं. मग फाटे कमी करा, उत्तरं छोटी करा, असं होत जातं.

१९९७ च्या फॉलआउटमध्ये बुद्धी अगदी कमी ठेवून पात्र बनवलंत तर ते नीट बोलूच शकत नाही, आणि समोरचे लोकही त्याला तसंच वागवतात. शेवटच्या शत्रूला तर एकही गोळी न झाडता हरवता येतं. त्याची योजना मुळातच का फसणार आहे याचा पुरावा आधी शोधून काढायचा आणि त्याच्या तोंडावर मांडायचा. २०१५ चा फॉलआउट ४ बघा. नायकाला आवाज मिळाला आणि उत्तरांच्या जागा उरल्या चार. त्याही तोकड्या शब्दांत, म्हणजे बटण दाबेपर्यंत आपण नक्की काय बोलणार ते आपल्यालाच माहीत नाही! पूर्ण वाक्य दिसावं म्हणून चाहत्यांनी स्वतः मॉड बनवला.

इथे जरा आपलं बोलतो. यातला कुठलाच खेळ मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना वाटतं, एवढं इंग्रजी वाचायचं म्हणजे शिक्षाच. पण लिहिलेलं वाक्य तुमच्यासाठी थांबतं. शब्द अडला तर फोनवर अर्थ बघा, परत वाचा. बोलणारं पात्र एकदा बोलून मोकळं होतं, आणि त्याचे उच्चार कळले नाहीत तर गेलं. त्यामुळे मजकुराचे जुने खेळ आपल्याला जड जातात असं म्हणणं मला पटत नाही.

आता जुन्यांच्या भक्तांनी थोडं सोसायचंय. मॉरोविंडमधली मारामारी वैताग आणते. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि खेळ म्हणतो, नेम चुकला. कारण आत फासे पडत असतात. चालणं इतकं संथ की मधल्या वेळात चहा होईल. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला, हे नवीन माणसाला कळणार कसं? पहिल्या फॉलआउटमध्ये पाण्याची चिप आणायला १५० दिवसांची मुदत होती. ती मला आवडते, पण निवांत भटकायला आलेल्याचा त्यात जीव जातो. यातलं बरंचसं गेलं ते बरंच झालं.

आणि नव्यांनी हरवलेलं परत आणूनही दाखवलंय. २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये मुख्य वाटेसाठी सोनेरी किरणांचा इशारा मिळतो. बाकी कोण कुठे भेटेल, त्याचं काम काय, ते तुम्ही लक्षात ठेवायचं. लोकांना असलं झेपत नाही म्हणणाऱ्यांनी ऐका: वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या.

२०१९ चा डिस्को एलिझियम तर मी जुन्या कुठल्याही खेळाच्या शेजारी बिनधास्त ठेवेन. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस. वेगळी मारामारीची यंत्रणाच नाही, सगळं बोलण्यातून. पहिल्याच खोलीत पंख्याला लटकलेला टाय काढायचा असतो, आणि पात्राची तब्येत तुम्ही फारच कच्ची ठेवली असेल तर तेवढ्यावरून तो हृदयविकाराने मरू शकतो. पण एरवी फासा चुकला तरी गोष्ट थांबत नाही, वेगळ्या बाजूला वळते. मजकूर दहा लाख शब्दांच्या पुढे, आणि २०२१ च्या आवृत्तीत तो सगळा आवाजासकट आला.

२०२३ चा बाल्डर्स गेट ३ मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आवाजाची सबबच खोटी पाडतो. सगळी पात्रं बोलतात, तरी फाटे प्रचंड. महत्त्वाच्या माणसाला मारून टाकलंत तरी खेळ कुठून तरी वाट काढतो. कधी तर मंत्राने प्रेतालाच प्रश्न विचारता येतात. पण किंमत बघा. बेल्जियमच्या लेरियन कंपनीने खेळाचा पहिला भाग ऑक्टोबर २०२० मध्ये विकायला काढला आणि पूर्ण खेळ आला ऑगस्ट २०२३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं लोकांना खेळवत, ऐकत, दुरुस्त करत. एवढा धीर आणि पैसा किती कंपन्यांकडे आहे?

तर माझं मत विचाराल तर नव्यातले सर्वोत्तम खेळ जुन्यांच्या बरोबरीचे आहेत, डिस्को काही बाबतीत पुढेच. पण नव्यातले मधले, म्हणजे मोठ्या जाहिरातीचे आणि ठिपक्यांनी भरलेल्या नकाशाचे, ते जुन्यांच्या जवळपासही जात नाहीत. तिथे बाण जातो तिकडे आपण जातो आणि ऐंशी तासांनी गावाचं नावही आठवत नाही.

फक्त फोन आहे, गेमिंग पीसी नाही, असं असेल तर जुन्यांची चैन आहे. बाल्डर्स गेटचे पहिले दोन्ही भाग आणि प्लेनस्केप टॉरमेंट अँड्रॉइडवर आणि आयफोनवर सुधारित रूपात आहेत. २००३ चा स्टार वॉर्सवाला नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकही आहे. त्याची गोष्ट आधी कुणाकडून ऐकू नका, प्लीज. छोट्या स्क्रीनवर अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये बघा, मोठी करता येतात.

सुरुवात टॉरमेंटने करणार असाल तर दोन गोष्टी. ताकदीवर गुण उधळू नका. शहाणपण आणि बुद्धी वाढवा, नाहीतर अर्धे संवाद उघडणारच नाहीत. आणि मेलात तर घाईघाईने जुनी सेव्ह उघडू नका. नायक अमर आहे, तो पुन्हा उठतो, आणि काही ठिकाणी मरणं हीच पुढे जायची वाट असते.