कला शाखेतलं गणित
(अकरावीच्या उंबरठ्यावर : लेखांक ९)

द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घ्यावा की जीवशास्त्र, हा विषय या आठवड्याला ठरला होता. तो पुढे ढकलतो आहे. कराडहून एका आईचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लगेच द्यायला हवं, कारण प्रवेशाचे दिवस थांबत नाहीत.

पत्र छोटं आहे. मुलीला दहावीला गणितात उत्तम गुण मिळालेत. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र नको आहे. अर्थशास्त्र आणि इतिहास शिकायचा आहे आणि गणितही सोडायचं नाही. कॉलेजात चौकशीला गेल्यावर टेबलामागच्या गृहस्थांनी सांगितलं, "मॅथ्स पाहिजे तर सायन्सला टाका. आर्ट्सला मॅथ्स नसतं." आई विचारतात, खरंच नसतं का हो?

असतं. अगदी नियमानं असतं. राज्य मंडळाच्या विषयांच्या यादीत ४० क्रमांकाचा जो विषय आहे त्याचं नाव 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असं आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तसंच छापलेलं आहे, आणि त्यात 'कला' हा शब्द आधी येतो. वाणिज्य शाखेचं गणित वेगळं, त्याचा क्रमांक ८८, पुस्तकं वेगळी, प्रश्नपत्रिका वेगळी. पण कला आणि विज्ञानाची प्रश्नपत्रिका एकच. कला शाखेतला विद्यार्थी आणि शेजारच्या बाकावरचा इंजिनिअरिंगची स्वप्नं पाहणारा विद्यार्थी बारावीला तोच ८० गुणांचा पेपर आणि तेच २० गुणांचं प्रात्यक्षिक देतात.

मग टेबलामागचे गृहस्थ खोटं बोलले का? नाही. ते त्यांच्या कॉलेजपुरतं खरं बोलले. मंडळाच्या यादीत विषय असणं वेगळं आणि तुमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो कला शाखेला शिकवला जाणं वेगळं. विषयाला मान्यता लागते, शिकवणाऱ्याचा कार्यभार भरावा लागतो, आणि या सगळ्याच्या वर बसलेलं असतं वेळापत्रक. सायन्सच्या तुकडीला गणिताचा तास ज्या वेळी, त्याच वेळी खालच्या मजल्यावर आर्ट्सचा राज्यशास्त्राचा तास. गणिताचे सर त्याच इमारतीत आहेत, फळा आहे, पुस्तक तेच आहे. अडचण फक्त त्या एका तासाची. चार मुलांसाठी वेळापत्रक कोण हलवणार? म्हणून विषय द्यायचाच नाही, असं एका वर्षी ठरतं. पुढच्या वर्षी कुणी मागत नाही. आणखी काही वर्षांनी 'आर्ट्सला मॅथ्स नसतं' हा नियम असल्यासारखा सांगितला जातो, आणि सांगणाऱ्यालाही तो नियमच वाटत असतो. कनिष्ठ महाविद्यालयात इतकी वर्षं गणित शिकवताना हे मी फार जवळून पाहिलं आहे, आणि दर जूनमध्ये मला त्याचा तितकाच त्रास होतो.

प्रवेशाच्या पद्धतीनं यात भर घातली आहे. २०२५-२६पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर एकाच यंत्रणेतून होतात. त्या अर्जात मूल आधी शाखा निवडतं, मग कॉलेजं. विषयांची गोष्ट निघते ती कॉलेज मिळाल्यावर. म्हणजे ज्या मुलीला विषय आधी ठाऊक आहेत आणि शाखा हा केवळ त्यांचा पत्ता आहे, तिला उलट्या बाजूनं चालावं लागतं. गेल्या आठवड्यात पसंतीक्रमाबद्दल जे लिहिलं होतं ते इथं दुपटीनं लागू आहे : पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जा आणि विषय विचारा.

गणित ही विज्ञानवाल्यांची जहागीर, ही समजूत आपल्याकडे तशी अलीकडची आहे. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले ते गणित घेऊन, आणि पदवी बी.ए. पुढे ते कायद्याकडे वळले, पण न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी शिकवलं ते गणित. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला ते उभे राहिले, तेव्हा सरकारच्याच आकड्यांतून त्यांनी दाखवलं की तिजोरीतली शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नाही, प्रजेवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्या आकडेमोडीवर उभी होती. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि अंकगणित, चारही विषय एका भाषणात.

पण या बाबतीत माझं सर्वात लाडकं उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगणार आहे. कोसंबी गोव्यातले, जन्म १९०७चा, शिक्षण हार्वर्डचं. १९३०च्या दशकात ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तेही गणितासाठीच. पण फर्ग्युसनच्या दिवसांतच त्यांना नाद लागला तो जुन्या नाण्यांचा. तक्षशिलेच्या उत्खननात आहत नाण्यांचे मोठे साठे सापडले होते. आहत नाणी म्हणजे चांदीचे कापलेले तुकडे, वर ठशांनी उमटवलेल्या खुणा, सूर्य, डोंगर, प्राणी वगैरे. राजाचं नाव नाही, साल नाही. कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी तराजू हातात घेतला. विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जास्त फिरलेलं नाणं जास्त हलकं. पण सगळी सारखी झिजत नाहीत; काही कनवटीला पडून राहतात, काही रोज बाजार पाहतात. म्हणून काळ जातो तसं एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचं सरासरी वजन घटतं, आणि वजनांमधली तफावत वाढते. ही तफावत मोजायचं साधन म्हणजे प्रमाण विचलन, जे अकरावीच्या पुस्तकात आहे. हे आपल्या डोक्यातलं तर नाही ना, याची खात्री करायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली हजारो नाणी स्वतः वजन करून पाहिली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, तेव्हा उत्तर आधीच माहीत. वजनं अपेक्षेप्रमाणेच निघाली. मग ते तक्षशिलेकडे वळले. या नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान खुणा असतात, व्यापाऱ्यांनी किंवा सराफांनी वेळोवेळी तपासणी करताना उमटवलेल्या. कोसंबींना आढळलं की मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी. खुणा म्हणजे चलनात काढलेल्या काळाची नोंद होती! नाव-साल नसलेल्या नाण्यांचा क्रम लागायला लागला, आणि त्यातून त्यांना प्राचीन भारताच्या व्यापाराविषयी बोलता आलं. १९५६चं त्यांचं भारतीय इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक आजही इतिहासाच्या वर्गात वाचावं लागतं. हे पुस्तक लिहिणारा माणूस पेशानं गणिताचा प्राध्यापक होता.

मी हे उदाहरण वर्गात सांगितलं की एखादं तरी मूल विचारतं, "सर, मग हिस्टरीला मॅथ्स लागतं?" सगळ्याच इतिहासाला नाही लागत. पण ज्याच्याजवळ आहे त्याला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो नमुना पाहणीतल्या कुटुंबांच्या खर्चाच्या आकड्यांवर उभा होता. मानसशास्त्रात पुढे शिकायचं तर संख्याशास्त्राचा पेपर असतो, आणि गणित सोडून आलेल्या मुलांची तिथंच पहिली दमछाक होते.

आता कराडच्या मुलीसाठी व्यवहाराची बाजू. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्रात बी.ए. ऑनर्स करायचं तर बारावीचं गणित लागतं. पदवीचं नाव बी.ए., तरी लागतं. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१मध्ये उभारलेली, तिच्या बी.स्टॅट.ला बारावीला गणित आणि इंग्रजी हवं. भौतिक-रसायनाची अट नाही. आणि खडकवासल्याची एनडीए. हे फार पालकांना ठाऊक नसतं : लष्कराच्या तुकडीसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिक, रसायन, गणित तिन्ही लागतात. पण लेखी परीक्षा सगळ्यांना एकच, आणि तिच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे. त्रिकोणमिती, सदिश, विकलन, संकलन, संभाव्यता, म्हणजे जवळजवळ ४० क्रमांकाच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच. २०२१पासून मुलीही ही परीक्षा देतात. कला शाखेतून गणिताशिवाय तिथं जाऊ पाहणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. अकरावी-बारावीचं गणित एकट्यानं, सुट्टीत, क्लासच्या नोट्सवर पुरं करणं किती जड जातं, ते त्यांनाच विचारा.

कॉलेजनं नाहीच म्हटलं तर? एकाच आवारात कला आणि विज्ञान दोन्ही शाखा असलेलं जुनं कॉलेज आधी गाठा आणि टेबलावर न थांबता उपप्राचार्यांना भेटा. "आर्ट्सला मॅथ्स आहे का?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येईल. "विषय क्रमांक ४० आमच्या मुलीला कला शाखेत हवा आहे, सायन्सच्या तुकडीबरोबर तासाला बसेल, कोणत्या विषयाशी वेळ आपटते ते सांगा," असं विचारा. वेळ समाजशास्त्राशी आपटत असेल आणि तिला समाजशास्त्र नकोच असेल, तर प्रश्न तिथंच सुटतो. सारख्या मागणीची आणखी दोन-तीन मुलं असतील तर पालकांनी एकत्र जावं. असं झालेलं मी पाहिलं आहे.

दुसरी वाट वाणिज्य शाखेची. तिथं ८८ क्रमांकाचं गणित सहज मिळतं. बऱ्याच ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. हे गणित कमी दर्जाचं आहे असं सायन्सवाले म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. निर्देशांक, टाइम सिरीज, रिग्रेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग, विमा आणि वार्षिकी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रोज लागणाऱ्या गोष्टी त्यात आहेत, विकलन-संकलनही आहे. पण सदिश नाहीत आणि त्रिकोणमितीचा स्वतंत्र धडा नाही, त्यामुळे एनडीए किंवा सांख्यिकी संस्थेचं मनात असेल तर ते पुरणार नाही. शिवाय या मुलीचा इतिहास जाईल, आणि तिनं तो मागितला आहे.

तिसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. तिथं शाखाच नाहीत. गणित, अर्थशास्त्र, इतिहास एकत्र घेता येतात. मात्र रोजचा वर्ग नाही, मैत्रिणी नाहीत, आणि सोळाव्या वर्षी त्याची किंमत मोठी असते. घरात कुणी बसून शिकवणारं असेल तरच हा विचार करा. सीबीएसईच्या शाळेत जाण्याची तयारी असेल तर तिथं २०२०-२१पासून अकरावीला 'अप्लाइड मॅथमॅटिक्स' नावाचा वेगळा विषय आहे, मुद्दाम वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्या मुलांसाठी केलेला. आपल्या मंडळानं कला शाखेसाठी असं काही करावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

गणित कुणी घेऊ नये तेही सांगतो. दहावीचं गणित जिनं पाठ करून पार पाडलं, पुस्तक मिटलं की जिला हायसं वाटतं, तिनं केवळ दिल्लीच्या अटीकडे बघून ते ओढून आणू नये. अकरावीत घेतलेला विषय बारावीपर्यंत न्यायचा असतो, आणि नावडतं गणित बाकीच्या पाच विषयांचाही वेळ खातं. पण पत्रातली मुलगी तशी नाही. आईंनी लिहिलं आहे की ती सुट्टीत भावाच्या अकरावीच्या पुस्तकातली उदाहरणं सोडवत बसते. तिला गणित द्या.

कराडच्या बाईंनी पुढच्या पत्रात कॉलेजचं वेळापत्रक पाठवलं तर मी ते तपासून कळवीन. इतरांनीही पाठवायला हरकत नाही. द्विलक्ष्यीचा लेख पुढच्या आठवड्यात. त्यात क्रॉप सायन्स घेणाऱ्यांना कृषी पदवीच्या प्रवेशात काय मिळतं, हा साताऱ्याच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्नही घेतो.