डिजिटल खरेदी आणि देशांतर : मालकी, परवाना व प्रवेशाधिकार यांचा एक अभ्यास

सारांश : ई-पुस्तके, ध्वनिपुस्तके, संगीत, चित्रपट व संगणक-आज्ञावली यांची खरेदी आता महाजालावरून होते. खरेदीदाराने देश बदलल्यानंतर ही खरेदी त्याच्या हाती राहतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या समस्येची कारणे, विविध देशांतील कायदेशीर स्थिती आणि परदेशी जाण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : डिजिटल खरेदी, परवाना, प्रतिमुद्राधिकार, प्रादेशिक निर्बंध, स्थलांतर.

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे गाव संत गोरा कुंभार यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. प्राचीन काळी हेच गाव 'तगर' या नावाने व्यापारी जगात प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. तेथील साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेली जात असे. तेर येथील लामतुरे संग्रहालयातील पुराणवस्तू या दूरदेशीच्या संपर्काची साक्ष देतात. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्री-प्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी असलेले साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे.

तगरच्या बाजारात कापडाचा गठ्ठा विकत घेणारा व्यापारी तो घेऊन कोणत्याही बंदरी गेला तरी त्या गठ्ठ्यावरील त्याची मालकी अबाधित राहत असे. वस्तू हाती असणे हाच मालकीचा पुरावा होता. डिजिटल वस्तूच्या बाबतीत ही साधी गोष्ट गुंतागुंतीची झाली आहे. पैसे मोजून घेतलेले पुस्तक खरेदीदाराने देश बदलताच त्याच्या पडद्यावरून नाहीसे होऊ शकते.

विषयाचे महत्त्व :

हा प्रश्न केवळ महानगरांतील उच्चभ्रू वर्गाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजनेतून अनुसूचित जातीतील विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. त्यामुळे मराठवाड्यातील लहान गावांतून परदेशी जाणारा वर्ग विस्तारत आहे. ज्या घरात पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, अशा घरातील विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथसंग्रह अनेकदा त्याच्या भ्रमणध्वनीत असतो. तो गमावणे म्हणजे पैशाबरोबरच वाचनाचा इतिहास व अभ्यासाची टिपणे गमावणे होय.

उद्दिष्टे :

१) डिजिटल खरेदीतील मालकी व परवाना यांतील भेद स्पष्ट करणे.
२) देशांतरामुळे प्रवेशाधिकारात होणाऱ्या बदलांची कारणे शोधणे.
३) भारतीय व परदेशी कायद्यांची स्थिती तपासणे.
४) परदेशी जाणाऱ्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

मालकी आणि परवाना :

छापील पुस्तक विकत घेतल्यानंतर वाचक त्या प्रतीचा मालक होतो. ती प्रत तो मित्राला देऊ शकतो, रद्दीत विकू शकतो किंवा परदेशी नेऊ शकतो. भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार प्रती प्रसृत करण्याचा हक्क लेखकाचा असला, तरी एकदा विकली गेलेली प्रत आधीच प्रसृत झालेली मानली जाते. त्या प्रतीच्या पुढील प्रवासावर लेखकाचा वा प्रकाशकाचा हा हक्क चालत नाही.

डिजिटल दुकानात 'खरेदी करा' असे बटण असले तरी करारातील शब्द वेगळे असतात. त्यानुसार ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. हा परवाना बहुधा अहस्तांतरणीय असतो, विक्रेत्याच्या सेवेशी बांधलेला असतो आणि अनेकदा विशिष्ट देशापुरता मर्यादित असतो. भारतीय करपद्धतीतही हा भेद दिसतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकाचा पुरवठा मात्र सेवा मानला जातो आणि छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरील कराचा दर २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

परवान्याचे स्वरूप किती नाजूक आहे, हे दोन घटनांवरून ध्यानात येते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या विशिष्ट आवृत्त्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या व पैसे परत केले. एका शालेय विद्यार्थ्याची टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके नाहीशी झाली. ग्राहकांना पुस्तकांची किंमत परत मिळाली. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना आणखी २५ डॉलर देण्यात आले. टिपणांचे मोल पैशात करावे लागणे, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

देशाची सीमा आड का येते?

यामागे प्रामुख्याने तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे आहे. प्रतिमुद्राधिकार हा प्रत्येक देशाच्या कायद्याने निर्माण होणारा हक्क असून त्याची मुदत देशागणिक बदलते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजी आणि जॉर्ज ऑर्वेल हे दोघेही १९५० मध्ये निवर्तले. त्यामुळे दोघांचेही त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून भारतात हक्कमुक्त झाले. परंतु १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या '१९८४' या कादंबरीचा हक्क अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत टिकणार आहे. भारतात कोणीही मुक्तपणे छापू शकेल असे पुस्तक अमेरिकेत विकण्यासाठी परवानगी लागते. २००९ च्या उपरोक्त घटनेचे मूळही हेच होते. संबंधित आवृत्तीच्या विक्रेत्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते.

दुसरे कारण प्रकाशन-व्यवहाराचे आहे. प्रकाशक व चित्रपट-निर्माते आपले हक्क देशवार विकतात. भारतीय उपखंडासाठी एक प्रकाशक, युरोपसाठी दुसरा, अशी विभागणी असते. भारतातील दुकानाला जे विकण्याचा अधिकार आहे, ते जर्मनीतील दुकानाला असेलच असे नाही.

तिसरे कारण किमतीचे आहे. भारतातील ग्राहकाची क्रयशक्ती पाहून किंमत कमी ठेवली जाते. स्वस्त प्रत महाग बाजारात जाऊ नये यासाठी भौगोलिक कुलूप घातले जाते. डीव्हीडीच्या काळात जगाचे असेच विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्या, पश्चिम युरोप दुसऱ्या, तर भारत पाचव्या विभागात होता. भारतात घेतलेली विभागबद्ध तबकडी अमेरिकेतील यंत्रावर चालत नसे. आज तेच काम ग्राहकाच्या खात्यातील 'देश' हा रकाना करतो.

देशांतरानंतर प्रत्यक्षात काय घडते?

समजा, तेर परिसरातील एका पदवीधराने भारतात असताना चाळीस ई-पुस्तके घेतली, एका ध्वनिपुस्तक-सेवेची वर्गणी भरली, काही चित्रपट विकत घेतले आणि खात्यात थोडी रक्कम शिल्लक ठेवली. पुढे तो जर्मनीस गेला. तेथे त्याच्यापुढे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे खात्याचा देश भारतच ठेवणे. त्याने जुनी खरेदी सामान्यतः टिकते. परंतु नवीन खरेदीसाठी भारतातील देयक-साधन लागते. भारतीय कार्डाच्या व्यवहारासाठी येणारा एकवेळचा संकेतांक भारतीय भ्रमणध्वनीवर येतो. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक बंद होतो व कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. क्रमांक गेला की खात्यात प्रवेश करण्याचे दारच बंद होते.

दुसरा मार्ग म्हणजे खात्याचा देश बदलणे. ॲपलच्या नियमानुसार त्यापूर्वी खात्यातील शिल्लक संपवावी लागते व चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात. आधी घेतलेली प्रत्येक गोष्ट नव्या देशात पुन्हा उतरवून घेता येईल याची हमी नसते. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातील शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. वर्गणीच्या सेवांत तर खरेदीचा प्रश्नच नसतो. त्या देशातील सूची हीच ग्राहकाची सूची ठरते. आभासी खाजगी जाळ्याच्या साहाय्याने आपण भारतात आहोत असे भासविण्याचा प्रयत्न काही जण करतात. परंतु तो बहुतेक सेवांच्या अटींचा भंग ठरतो आणि खातेच स्थगित होण्याचा धोका पत्करावा लागतो.

कायद्याची स्थिती :

अ) युरोपीय संघ : २०१७ च्या विनियमानुसार १ एप्रिल २०१८ पासून संघातील ग्राहकाला दुसऱ्या सदस्य-देशात तात्पुरत्या वास्तव्यात आपल्या सशुल्क डिजिटल सेवा वापरता येतात. कायमचे स्थलांतर आणि संघाबाहेरून आलेला ग्राहक यांना ही तरतूद लागू नाही. जर्मनीत गेलेल्या भारतीयाची भारतात केलेली खरेदी तिच्या कक्षेत येत नाही. संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये वापरलेल्या संगणक-आज्ञावलीच्या पुनर्विक्रीस मान्यता दिली. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या बाबतीत ती नाकारली.

आ) अमेरिका : थायलंडमध्ये स्वस्तात घेतलेली पाठ्यपुस्तके अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. छापील प्रतीला सीमेचे बंधन नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. डिजिटल प्रतीला त्याचा लाभ मिळालेला नाही. मात्र कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याला ते स्पष्ट सांगावे लागते.

इ) भारत : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश आहे. तसेच कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तेरच्या रहिवाशाला त्यासाठी धाराशिव पुरेसे आहे. दुसरीकडे, २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार अधिनियमात आलेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगते. त्याच कलमात, अधिनियमाने मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला अपवादही ठेवला आहे. तथापि, देश बदलल्यावर जुनी खरेदी उपलब्ध ठेवण्याचे स्पष्ट बंधन विक्रेत्यावर घालणारी तरतूद या दोन्ही अधिनियमांत नाही. खरी उणीव येथे आहे.

उपाययोजना :

१) प्रयाणापूर्वी आपल्या सर्व डिजिटल खरेदीची यादी करावी. त्यात सेवेचे नाव, खात्याचा ई-पत्ता, जोडलेला भ्रमणध्वनी व खरेदीची पावती यांची नोंद असावी.

२) जी सामग्री उतरवून घेता येते ती भारतात असतानाच उतरवून स्वतंत्र साठवण-साधनावर ठेवावी. ही सोय कायम राहील असे गृहीत धरू नये. किंडल पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सुविधा ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद केली.

३) पुढील खरेदीत कुलूपविरहित स्वरूपाला प्राधान्य द्यावे. ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातील संगीताचे कुलूप काढले. तशी गाण्यांची संचिका कोणत्याही देशात, कोणत्याही यंत्रावर चालते. पुस्तकांबाबत कुलूप नसलेली पीडीएफ वा ईपब संचिका हा तसाच पर्याय आहे.

४) अभ्यासाची टिपणे ई-पुस्तकाच्या आत अडकवून ठेवू नयेत. ती वेळोवेळी स्वतंत्र दस्तऐवजात उतरवावीत.

५) खात्याचा पुनर्प्राप्ती-मार्ग केवळ भारतीय क्रमांकावर अवलंबून ठेवू नये. क्रमांक चालू ठेवावा आणि ई-पत्ता व राखीव संकेतांक हे पर्यायही नोंदवावेत.

६) देशाचा रकाना घाईने बदलू नये. शिल्लक संपवून, वर्गण्यांचा हिशेब करून व नव्या देशातील अटी वाचूनच तो निर्णय घ्यावा.

७) जे पुस्तक आयुष्यभर लागणार आहे, ते शक्यतो छापील घ्यावे.

महाविद्यालयांची भूमिका :

संस्थेच्या वर्गणीतून मिळणारी ई-नियतकालिके ही देखील प्रवेशाधिकाराचीच उदाहरणे आहेत. संस्था सुटली की तो अधिकार संपतो. याउलट 'शोधगंगा'वरील प्रबंध किंवा मराठी विश्वकोशाची महाजालावरील आवृत्ती जगात कोठूनही विनामूल्य वाचता येते. हक्कमुक्त झालेले मराठी वाङ्मय मुक्त स्वरूपात उपलब्ध करणे हे कार्य महाविद्यालयीन ग्रंथालये करू शकतात. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पारपत्र व प्रवेशपत्र यांविषयी मार्गदर्शन करताना ग्रंथपालाने त्याच्याशी अर्धा तास डिजिटल संग्रहाविषयीही बोलावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

निष्कर्ष :

१) डिजिटल दुकानातील 'खरेदी' बहुतांशी परवान्याच्या स्वरूपाची असते.
२) प्रतिमुद्राधिकाराचे प्रादेशिक स्वरूप, हक्कांची देशवार विक्री व किमतीतील तफावत ही प्रवेशाधिकार खंडित होण्याची मुख्य कारणे आहेत.
३) परदेशांतील सुधारणा अंशतः उपयुक्त असल्या, तरी भारतातून स्थलांतर करणाऱ्यास त्यांचे संरक्षण मिळत नाही.
४) विक्रीच्या वेळीच परवान्याचे स्वरूप मराठीसह ग्राहकाच्या भाषेत सांगणे आणि देशांतरानंतर जुनी खरेदी किमान वाचनापुरती उपलब्ध ठेवणे, या दोन गोष्टी भारतीय नियमांत येणे आवश्यक आहे.

समारोप :

तगरचे कापड समुद्रापार गेले, तेव्हा ते घेणाऱ्याला ते पुन्हा कोणी परत मागितले नाही. डिजिटल युगातील वाचकाला तेवढीच निश्चिंती मिळावी, ही मागणी नवी नाही. ती व्यापाराइतकीच जुनी आहे. ती कायद्यात उतरेपर्यंत खरेदीदाराची जागरूकता हेच त्याचे संरक्षण होय.