आमटी अळणी, की जीभ?

"सूनबाई, आज आमटीत मीठ घालायचं विसरलीस वाटतं!" ताटावर बसलेले सासरे म्हणतात. सून चव घेऊन पाहते, तर मीठ अगदी बेताचे. सासूबाईही तिचीच बाजू घेतात. तरीही मिठाची वाटी ताटाजवळ येतेच. अनेक घरांत हा प्रसंग रोज घडतो. यात दोष स्वयंपाकाचा नसतो आणि आजोबांच्या स्वभावाचाही नसतो. त्यांना चव कळणेच कमी झालेले असते.

आपल्या जिभेवर हजारो स्वादकलिका असतात. त्यांतील पेशी झिजतात आणि साधारण दहा दिवसांत त्यांच्या जागी नव्या येतात. उतारवयात हे काम मंदावते. लाळही कमी सुटते आणि लाळेत विरघळल्याशिवाय पदार्थाची चव कळत नाही. तंबाखू, मिसरी, विडी, वरची कवळी, जस्ताची कमतरता, तसेच रक्तदाबाची व जंतुसंसर्गाची काही औषधे यांमुळेही चव जाते. मात्र औषधाचा संशय आला तरी ते परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

चवीत नाकाचा वाटाही मोठा असतो. नाक चिमटीत धरून थोडी बडीशेप चावून पाहा. किंचित गोडी तेवढी कळेल. नाक सोडताच तिचा खरा स्वाद येईल. सर्दीत जेवण बेचव लागते ते यामुळेच. 2020 मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा अनेकांनी हा अनुभव घेतला. ज्यांचा वास अजून पुरता परतलेला नाही, त्यांनी गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी यांचा वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, लक्ष देऊन घ्यावा. हा सराव काही महिने नेटाने करावा लागतो. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण बऱ्याच जणांना येतो.

चव गेली की हात मिठाकडे आणि साखरेकडे वळतो. खरा धोका इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहूनही कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच धरायचे. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर वरून घेतलेले मीठ आणि चहातली जादा साखर महागात पडते.

मग जेवण रुचकर कसे करावे? लिंबू, आमसूल, आले, लसूण, जिरे, कढीपत्ता, पुदिना यांचा सढळ वापर करावा. जेवण गरम वाढावे, म्हणजे वास उठतो. जवसाची किंवा कारळाची चटणी कमी मीठ घालून करावी. घास सावकाश चावावा. जेवणापूर्वी चूळ भरावी, जीभ व कवळी रोज स्वच्छ ठेवावी. बाजारातील 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

वास येत नसेल तर आणखी एक काळजी घ्यावी. आंबलेले वरण, नासलेले दूध किंवा गॅसची गळती अशा माणसाला कळत नाही. उरलेले अन्न दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे. रात्री रेग्युलेटर आठवणीने बंद करावा.

चव अचानक गेली, वजन घटू लागले किंवा दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. चवीबरोबर चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

आणि घरच्यांनी एवढे करावे. "मीठ बरोबर आहे" असा वाद घालू नये. मिठाची वाटी उचलून तिच्या जागी लिंबाची फोड ठेवावी. तक्रार करणारा माणूस हट्टी नसतो, त्याचे जेवणातले सुख हरवलेले असते. त्याचा घास आणि आपले बोलणे, दोन्ही गोड करणे आपल्या हाती आहे.