बधिर पाऊल आणि पायातील वहाण

नवी वहाण पहिले चार दिवस चावते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ती चावली की आपण किंचित लंगडतो, पट्टा सैल करतो, घरी येऊन खोबरेल तेल लावतो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जुनीच वहाण पायात सरकवतो. या साऱ्या शहाणपणाचे मूळ वेदनेत आहे. पण वहाण चावते आहे आणि ते कळतच नाही, अशी अवस्था ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

पायाची जाणीव नेणारे विकार अनेक आहेत. एके काळी हा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे कुष्ठरोग येई. आज आपल्या शहरांतून मधुमेहाचे नाव आधी घ्यावे लागते. मधुमेहात बधिरता बहुधा बोटांच्या टोकांपासून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते, कारण सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी इजा पोहोचते. मौज अशी की, ज्या पायाची रात्री आग होते, ज्याला मुंग्या येतात, तोच पाय टाचणी रुतली तरी गप्प बसतो! मज्जातंतू केवळ स्पर्शाचा निरोप पोहोचवीत नाहीत. काही स्नायूंना हुकूम देतात. ते थकले की बोटे आकड्यासारखी वाकतात आणि चवड्याखालच्या हाडांवर भार वाढतो. काही घाम आणतात; ते निकामी झाले की कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात.

कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असा समज फार काळ होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी रोग्यांच्या जखमांचा बारकाईने माग काढला. काहींच्या हाताची बोटे रात्री झोपेत कुरतडली जात, आणि ते काम उंदरांचे निघाले. दुखतच नसल्यामुळे रोग्याला जाग येत नसे. पायांच्या बाबतीत त्यांचे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. मोठा घाव एखादाच. बहुतेक व्रण होतात ते हलक्याच दाबाने, पण तो त्याच जागी हजारो वेळा पडल्यामुळे. तुम्ही आम्ही दोन कोस चाललो तर नकळत पावलाची ठेवण बदलत राहतो. बधिर पाऊल शेवटपर्यंत एकाच ठिकाणी टेकत राहते.

यावरून पादत्राण कसे असावे ते कळते. आतला तळ मऊ हवा, जेणेकरून भार साऱ्या तळव्यावर वाटला जाईल. आणि बाहेरचा तळ इतका चिवट हवा की काटा वा खिळा आरपार येऊ नये. यासाठी मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे हवेच्या बारीक बंद कप्प्यांचे मऊ रबर, आपल्याकडे बरीच वर्षे वापरात आहे. जोडणीत खिळे नकोत. शिवण वा चिकटवण असावी. टाचेमागे पट्टा हवा, नाहीतर वहाण सुटू नये म्हणून बोटे तिला आवळून धरतात. अंगठ्यात अडकणारी चप्पल टाळावी. यात आपली लाडकी कोल्हापुरीही आली. तिचे कौतुक मलाही आहे, पण कडक चामड्याचा तळ आणि अंगठ्याची पकड बधिर पावलाला मानवत नाही.

माप घेताना एक फसगत हमखास होते. बधिर पावलाला सैल जोडा जाणवतच नाही. घट्ट आवळला तरच ‘आता बरोबर बसला’ असे वाटते. म्हणून ‘कसा वाटतो?’ या दुकानदाराच्या प्रश्नाला आपण उत्तरच देऊ नये. पाय किंचित सुजतात त्या संध्याकाळच्या वेळी जावे. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढून न्यावी. जोड्याच्या तळाबाहेर ती कोठे जात असेल तर तो जोडा आपला नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. नवा जोडा पहिल्या दिवशी तासभरच घालावा, मग काढून पाऊल पाहावे. लाली काही वेळाने गेली नाही, तर जोडा तेथे दाबतो आहे, हे डोळ्यांनी ओळखायचे. पायमोजे फिकट रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा डाग चटकन दिसतो.

आपल्याकडे खरी अडचण घरात आहे. वहाणा उंबऱ्याबाहेर काढायच्या, ही आपली रीत. पण टाचणी, काचेचा तुकडा, पाटाचा कोपरा हे सारे उंबऱ्याच्या आतच असतात. घरासाठी स्वच्छ, वेगळा जोड ठेवला तर रीतही राहते आणि पायही. देवळात मात्र उन्हाने तापलेल्या फरशीवरची अनवाणी प्रदक्षिणा टाळावी. सकाळी लवकर जावे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. अशी खास पादत्राणे ठराविक घडणीची निघाली आणि पाहताक्षणी लोक ‘हा कुष्ठरोगी’ असे ओळखू लागले, म्हणून अनेकांनी ती घालणेच सोडले. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. लोकांच्या नजरेपेक्षा जखम सोसणे त्यांना परवडले, हे आपण ध्यानात घ्यावे. चारचौघांत उठून न दिसणारे पादत्राण शिवणारा कारागीर या कामी वैद्याइतकाच उपयोगी आहे.

आपले पाऊल बधिर आहे का, हे घरीही अजमावता येते. डोळे मिटून बसावे; दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांना तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलकेच स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन वा अधिक ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. ते नायलॉनच्या दोऱ्याने नीट तपासणी करतात. तळव्यावर फोड वा जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून तिच्यावर चालू नये. आणि एकच पाऊल लाल, गरम होऊन सुजले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.